मार्जरीला पाणी

होली आयलंड,
९ मार्च १९६४

चि. राल्फ यास,
इझोबेलताईचे अ. आ.

पत्र पोचलं. ‘यंदा उन्हाळ्यात होडी नक्की नीट करीन.’ अरे, आई गेल्यापासून हेच लिहितोस! ‘करीन’ म्हणायला काय जातं? बाबा मात्र ते गावभर वाचून दाखवतात.

गावानं आपापल्या जुन्या होड्या कापून उलट्या घातल्या, जाळी ठेवायला खोपटं केली. आईच्या नावाची आपली ‘मार्जरी’च तेवढी उताणी पडलीय. फळ्या सुकून फाटू नयेत म्हणून बाबा रोज बादलीनं समुद्राचं पाणी आणून तिच्यात ओततात. परवा बर्फावर घसरले, भिजले, छाती भरली. डॉक्टरांनी बादलीला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. मी ओरडले, तर म्हणतात, पोरानं शब्द दिलाय. आज पुन्हा बादली घेऊन निघाले होते.

मी थकले रे. त्यांना एकदा ‘नाही’ म्हण. मला नको, त्यांनाच लिही.

माया आहे, दम उरला नाही.
तुझी ताई

ता. क. आजच्या ओहोटीत बेटाची वाट उघडली, तेव्हा हेरिंग मासे पाठवलेत. एकटाच हादडू नकोस.

लीड्स,
१५ मार्च

ती. बाबांस,
राल्फचा शि. सा. न.

बाबा, होडी माझ्याच्यानं होणार नाही. दिवसभर लोकांची दारं बसवून घरी आलो की रंधा हातात धरवत नाही. तुम्ही पाणी वाहताय हे मला ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली. उलटी घाला तिला.

रागावलात तरी चालेल, पण जपा.
आपला राल्फ

होली आयलंड,
२८ मार्च

चि. राल्फ यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

ताईकडून लिहवून घेतोय. येडपटा, तू करणार नाहीस हे मला केव्हाच कळलं होतं. पण न जाणो, कधी आलासच आणि फळ्या फाटलेल्या दिसल्या, तर आपल्यामुळे गेली असं जन्मभर मनात घेऊन बसशील. म्हणून पाणी घालत होतो. आता सुटलो दोघंही.

काल शेजाऱ्यांनी मार्जरी मधून कापून अर्धी उलटी घातली. मला रडू आलं, ताईलाही. आत ऊब छान आहे. कापलेलं तोंड मात्र उघडंच आहे, वारा शिरतो. दार हवंय, आणि दारं बसवणारा आपल्या घरात एकच आहे.

बसवीन म्हणून लिहू नकोस. ओहोटी बघून निघ.

तुझे बाबा