झाकण गल्लीत

खामगाव, श्रावण वद्य पंचमी, संध्याकाळ

डोकं तापलंय नुसतं. मोरीचा सांडपाण्याचा नळ पुन्हा तुंबला. गवंडी नळ टाकतानाच सांगत होता, "नळ अंगणात वळते, तिथंच साफ करायचं झाकण ठेवा, मालक." पण वडलांनी झाकण बसवलं भिंतीबाहेर, गल्लीत. काऊन? तर नळ साफ करणाऱ्या किसनचा पाय आपल्या अंगणात पडू नये!

आज किसननं गल्लीतून बांबू घालघालून पाहिला. "वळणापर्यंत पोहचून नाही राह्यला, बाबू. अंगणातली फरशी काढू द्या."

वडील म्हणाले, "जमणार नाही."

ते झाकण आत असतं तर... आणि मी तरी तेव्हा काऊन गप्प बसलो?

आता घाण पाणी पार देवघराच्या उंबऱ्याशी आलंय. वडील सोवळं सावरत पाटावर चढून बसलेत. तिथूनच मला ओरडतात, किसन आत आला तर घर बाटेल!