तू दिलेला शनिवार

जेद्दा,
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सानिका,

सप्रेम सलाम. तू आणि सुबोधभावजी मजेत असाल, तुझा गुडघा थंडीला शिव्या देत असेल. इकडे आता कुठे एसी बंद करून खिडकी उघडता येते. मी ज्या मशीनच्या ट्रेनिंगला तुझ्याकडे व्हिएन्नाला आले होते, त्याच ट्रेनिंगला आता आमच्या लॅबमधला नागेश येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि तू मागितलेला मदिन्याचा खजूर पाठवतेय. भावजींना एका बैठकीत संपवू देऊ नकोस.

मी इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, तो हा काळ. हॉस्पिटलने रजा दिली. श्रीवर्धनच्या शाळेत मी इतकी शांत बसले असते, तर बाईंनी माझा ताप पाहिला असता! परवा बदरुद्दीनच्या शराफियातल्या दुकानाची किल्ली न्यायला त्यांचा कफील आला होता, म्हणजे ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना आहे तो इथला अरब. भला माणूस, दारातच रडला. मला अजून नीट रडता आलेलं नाही.

तुझे सगळे मेसेज वाचले. प्रत्येकात एकच प्रश्न आहे, "रईसा, माझं चुकलं का गं?" उत्तर दिलं नाही, कारण घाईत देण्यासारखं ते नव्हतं. आज देते. शेवटपर्यंत वाच.

तो शनिवार फार छान गेला होता, सानिका. हेच मला सहन होत नाही. ट्रेनिंग संपलेलं, विमान रात्रीचं, अख्खा दिवस आपला. सकाळी भावजींनी थालीपीठं लावली. तुझे डोळे लाल होते. "कांदा," म्हणालीस. मग माझा फोन बंद करून स्वतःच्या पर्समध्ये टाकलास आणि म्हणालीस, "आज तू कोणाची बायको नाहीस, कोणाची टेक्निशियन नाहीस." मला किती बरं वाटलं! आपण ट्रामने उगाच शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. कालव्याकाठी भाजलेले चेस्टनट खाल्ले, तुला ते उकडलेल्या रताळ्यासारखे लागतात. मी शाळेतल्या नकला करत होते आणि तू हसत होतीस. आता आठवतं, तू जरा जास्तच हसत होतीस. भावजी मात्र मागे मागे चालत होते. मला वाटलं, कंटाळले बिचारे.

कॉफीहाउसमध्ये तुझा फोन वाजला. तू बाहेर गेलीस, आलीस आणि न विचारता माझ्यासाठी दुसरा केक मागवलास. "खा गं, विमानात काही धड मिळत नाही." मी खाल्ला. तेव्हा इथे मगरिबची, सूर्यास्ताची अजान होत होती आणि बदरुद्दीन नुकतेच गेले होते.

विमानतळावर फोन परत दिलास. मी लगेच त्यांना लावला, उचलला नाही. तू म्हणालीस, "झोपले असतील, उगाच उठवू नकोस."

हे वाक्य मी विसरू शकत नाही.

पहाटे उतरले तर न्यायला माझा दीर, शारीक. "भाभी, भायची तबियत जरा बरी नाय," एवढंच. तेव्हासुद्धा! मी म्हटलं, मग गाडी हॉस्पिटलकडे घे. त्याने घराकडे घेतली. दारात चपलांचा ढीग पाहिला आणि कळलं. आपल्याकडे हे असंच करतात ना? एकट्या बाईला वाटेत काही सांगायचं नाही, आधी घरी पोचू दे. माझ्या अब्बांच्या वेळी मी स्वतः अम्मीला असंच गुंडाळून आणलं होतं. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं.

त्यांना सकाळी दुकानाचं शटर उचलताना अटॅक आला. आमच्याच हॉस्पिटलात नेलं. त्यांचं रक्त माझ्याच लॅबमध्ये आलं आणि नागेशने तपासलं. म्हणजे त्यालाही माझ्याआधी कळलं. शारीकने मला सांगितलं की भाय बेशुद्धच होते, काही बोललेच नाहीत. मी त्यावर तग धरून होते.

गेल्या आठवड्यात आयसीयूतली सिस्टर भेटायला आली. केरळची पोरगी, तिला आपल्या लोकांची ही रीत ठाऊक नाही. ती सहज बोलून गेली, "मॅडम, सर तो पूरा दिन होश में थे. बार बार पूछते थे, रईसा का फ्लाइट उतरा क्या?"

शारीकने त्यांना सांगितलं होतं की मी विमानात बसलेय, फोन लागणार नाही. ते दिवसभर माझं विमान उतरायची वाट बघत होते, सानिका. आणि मी ट्राममध्ये बसून बाईंची नक्कल करत होते.

शारीकला विचारलं, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सानिकाभाभींना नका कळवू. त्या जन्मभर झुरतील." खरं सांगू? मीही तेच ठरवलं होतं. "तुझं काही चुकलं नाही" असं लिहून खजूर पाठवायचा आणि मोकळं व्हायचं. तू रात्री नीट झोपली असतीस. पण तुझ्यासाठी काय बरं, हे मी ठरवलं असतं, आणि तू माझ्यासाठी ठरवलंस त्यात आणि ह्यात मला फरक दिसेना.

म्हणून सांगते. चुकलं तुझं. लवकरचं विमान नव्हतं, भावजींनी शोधलं होतं, मान्य. शारीकने सकाळीच फोन करून मला न सांगण्याची तुला शपथ घातली, तेही मान्य. तू माझ्या मायेपोटी केलंस, यात मला तिळभर शंका नाही. पण मी तिथे, तुझ्या स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून रडले असते आणि मग त्यांच्याशी बोलले असते. काय बोलले असते, कोण जाणे. बहुतेक "औषध घेतलंत का?" एवढंच. तेवढं तरी त्यांच्या कानावर पडलं असतं.

इद्दत संपेपर्यंत फोन करू नकोस. नंतर कर. मी उचलेन की नाही, मला खरंच माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून "उचलेन" असं लिहीत नाही.

तुझीच,
रईसा