जावयाचं अभ्यंगस्नान आणि आमचा गरम नळ

भरे, ता. मुळशी
भाऊबीजेचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप शेखरदादांच्या पायांवर धाकट्या चंद्रकांतचं डोकं. तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि परभणीची हवा, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. आम्ही इथे मजेत. खाचरांत भाताची कापणी चालली आहे आणि पहाटे अंगणात उभं राहिलं की थंडी कानाला झोंबते. (फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे, ओघात येईलच.)

तर यंदा आमच्या मृण्मयीचा पहिला दिवाळसण. जावई कौस्तुभराव नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी येणार, आणि आमच्या न्हाणीघरात दोन महिने गरम नळ सोडला की पाणी यायचं कोमट, तेही मनात आलं तर. हेमलताचं रोज एकच पालुपद, की पहिल्या दिवाळीला जावयापुढे गॅसवर तापवलेली बादली ठेवली तर लेकीच्या सासरी जन्मभर तेच उगाळतील. मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात चौतीस वर्षं काढलेली (टेबलावर का होईना), तेव्हा हे काम दुसऱ्यावर सोडणं मला शोभलं नसतं.

गंमत अशी की गच्चीवरच्या सोलरच्या टाकीतलं पाणी चांगलं कढत होतं. हे मला कसं कळलं ते सांगतो. तुम्ही फोनवर म्हणालात, पाइपात हवा धरली असेल. म्हणून मी टाकीजवळचा जोड जरा सैल केला. हवा काही निघाली नाही, पण लेंग्यावर असं पाणी आलं की सोलरवर माझा कायमचा विश्वास बसला. मग पिरंगुटचा प्लंबर सुरज आला. त्याने नळाचा वायसर बदलला, पाइपातला क्षार झाडला आणि जाताना सांगून गेला की पाणी खाली येईस्तोवर गार होतंय, पाइपाला काहीतरी गुंडाळा. मी घरातले सगळे जुने स्वेटर, दोन मफलर आणि एक शाल गुंडाळली. (शाल वहिनींनी माझ्या साठीला दिलेली होती. त्यांना कळवू नये.) जावई आले, त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि हे वाळत घातलेत का, एवढंच अदबीने विचारलं. मी हो म्हणालो. पाणी मात्र कोमटचं कोमटच.

चतुर्दशीची पहाट उजाडली. कौस्तुभराव तेल लावून, उटणं चोळून, पंचा नेसून पाटावर बसलेले. मृण्मयी तबक घेऊन दारात. मी रात्री नळाला मनोमन हात जोडून आलो होतो, त्या भरवशावर ऐटीत नळ सोडला आणि बादली भरून दिली. पहिला तांब्या अंगावर पडताच जावयांनी नुसता 'हं' केला. दादा, त्या 'हं'ने माझं काळीज पिळवटलं. पोर माझ्याकडे बघतेय, जावई दात वाजत असतानाही हसू आणतायत, आणि हेमलता स्वयंपाकघरात पातेलं आपटत गॅस पेटवतेय. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, तसं झालं.

तोंड लपवायला मी मागच्या मोरीकडे गेलो. तिथे आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या सगुणाबाई होत्या. त्यांची वाडी वर डोंगरात. गणपतीत गार पाण्याने त्यांची बोटं आखडलेली बघून मी मोरीतल्या नळाला पाइप आणि टोकाला गाडी धुवायची फवाऱ्याची बंदूक बसवून दिली होती. गरम आणि गार दोन्ही कॉक कायम उघडे, घोडा दाबला की कोमट पाणी हजर. त्यांनी काय झालं ते विचारलं, हात पुसले आणि त्या बंदुकीकडे बोट दाखवलं.

"दादा, हितं दोन्ही कॉक उघडं अन् पुढनं तोंड बंद. गार पाणी जाईल कुटं? जोर जादा त्याला, मागल्या मागं गरमाच्या पाइपात शिरतंय अन् तेच न्हाणीच्या नळाला येतंय की. आमी डोंगराचं पाणी पाइपानं वाडीत आणतोय, येवढं कळतंय आमाला."

दोन्ही कॉक बंद केले. दोन मिनिटांत न्हाणीघर वाफेने भरलं. कौस्तुभराव पाऊण तास बाहेर आले नाहीत, फराळाची ताटं ताटकळली. बाहेर आले ते लालबुंद होऊन, आणि वाकून मला नमस्कार केला. मी भरून पावलो, दादा. सगुणाबाई आता बंदूक वापरतात आणि काम झालं की कॉक बंद करतात. भाऊबीजेला त्यांनी मला ओवाळलंसुद्धा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जावं.

आपला,
चंद्रकांत

ता. क. : मुख्य काम राहिलंच. ती बंदूक बसवायची अक्कल कुणाची, असं हेमलताने त्या दिवशी सर्वांदेखत विचारलं. जावई समोर होते. माझ्या तोंडून 'दादांची' असं निघून गेलं. ती तुम्हाला फोन करून विचारणार आहे. तेवढं 'हो' म्हणावं. मी फोन केला की ती शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र.

आणखी ता. क. : भाऊजी, मी हेमलता. पाकीट चिकटवून टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. बंदूक बसवताना पाइप धरून मीच उभी होते आणि 'बघ माझं डोकं' हे तीन वेळा ऐकलं होतं. तरीही मी फोन करीन तेव्हा तुम्ही 'हो'च म्हणा, आणि जरा मोठ्याने, ह्यांना ऐकू जाईल असं. त्या थापेची टोचणी लागलीय, म्हणून चतुर्दशीपासून हे रोज माझ्याआधी उठून माझी बादली कढत पाण्याने भरतात आणि चहाही करतात. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. तुळशीचं लग्न होईपर्यंत तरी चालू राहू दे.