चौथ्या आवाजाची जागा

२३ ऑक्टोबर २०२०
वैदेहीची फाईल आली. दिवाळीच्या ऑनलाइन कार्यक्रमाला पुन्हा कॅलोवे फोर या जुन्या गायक-चौकडीचंच गाणं. गेल्या वर्षी इथे कॉर्क शहरातल्या हॉलमध्ये आम्ही चौघांनी म्हटलं होतं तेच. तेव्हा स्टेजवर ती माझ्या डाव्या हाताला होती, एवढंच मला आठवतं. आता ती ड्रोहेड्याला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. जयेशही तिकडेच. गिरीश बॉल्सब्रिजला. लॉकडाऊनमुळे सगळे आपापल्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत कोंडलेले.

प्रत्येकाला त्याची त्याची फाईल. ती कानात लावून आपला भाग म्हणायचा, रेकॉर्ड करून पाठवायचा. मी बॅरिटोन — खालून दुसरा आवाज. असला तर कळत नाही, नसला तर गाणं पोकळ.

"शेवटपर्यंत ऐक हं," तिने लिहिलं.
मला सांगते! तीन मिनिटांचं गाणं, पाठ आहे. फाईल मात्र सहा मिनिटांची.

लावली. तिचा आवाज. चाळिसाव्या सेकंदाला जयेशचा — एकाच माईकवर! मध्येच हसतायत दोघं.
बंद केली.

२९ ऑक्टोबर
सुपरमार्केटमध्ये दिवसभर डबे रचले. काही वाटलं नाही.

४ नोव्हेंबर
"ऐकलीस का पूर्ण?" — वैदेही.
"हो," म्हणालो.

८ नोव्हेंबर
कुंपणापलीकडच्या मिसेस क्रोलींनी कॅलोवे फोरला ऐंशी साली इथे कॉर्कमध्ये पाहिलंय. आज दोन मीटरवरून सांगत होत्या. मूळचे चौघं एका लॉन्ड्रीत इस्त्री करायचे, तिथेच जमले. सात वर्षं नुसती हिट गाणी. मग मुख्य गायक स्वतःचं नाव करायला निघून गेला. बाकीचेही गेले. इथे आला तो एकटा बॅरिटोन, अल्विन प्रुइट. सोबत नवी पोरं, कोट जुन्यांचेच.
"बाह्या बोटांपर्यंत! पण युअर मॅन, तो आपला अल्विन — माईक नाही, काही नाही, कडेला उभा. आणि सगळं त्याच्यावरच उभं, बरं का."
"कंटाळला नाही?"
"तू कॉलेजला कंटाळलास तसा?" म्हातारी डोळा मारून आत गेली.

कंटाळलो नव्हतो. सर सगळ्यांसमोर बोलले, मी चालता झालो. एवढंच.

१३ नोव्हेंबर
आज शेवटचा दिवस. पाठवलं नाही. गाऊ देत दोघांना.

१४ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. कार्यक्रम बाबांनी हॉलमध्ये टीव्हीवर लावला. मी वर खोलीत.
खाली आलो तर बाबा म्हणाले, "तुमच्या गाण्यात शेवटी मिनिटभर नुसत्या चुटक्या! बिघडलं काहीतरी. आणि तू कुठे होतास?"
"सोडलं."
"अर्धवट सोडण्यात पीएचडी आहे तुझी."
आई म्हणाली, "सणाच्या दिवशी नको हो." चकली तोंडात घातली. चव नाही.

जयेशचा मेसेज: "ती जागा कापू म्हटलं तर वैदेहीने कापू दिली नाही. काय केलंस यार?"
मी वैदेहीला लिहिलं. काय ते इथे लिहीत नाही. जयेशचं नाव होतं, आणि एक शब्द — तो लिहायला नको होता.

१५ नोव्हेंबर
तिचा फोटो दिसत नाही. मेसेजला एकच टिक. फोन लागत नाही.

२५ डिसेंबर
मिसेस क्रोलींनी दारात केक ठेवला. कसा आहेस, विचारलं. ग्रँड — मजेत — म्हणालो.

३ जानेवारी २०२१
पुन्हा सगळं बंद. डबे.

१६ जानेवारी
अल्विन प्रुइट गेला. कोविड. मिसेस क्रोलींनी बातमी कापून पत्रपेटीत टाकली. चौकडीत छप्पन्न वर्षं, तेवीस साथीदार बदलले. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं — आयुष्यात तो एकट्याने एकदाच गायला: आमच्याच त्या गाण्याच्या लांब, रेकॉर्डवरच्या रूपात, शेवटचं कडवं. रेडिओवर ते कापून वाजवायचे.

वैदेहीची फाईल. सहा मिनिटं.

१७ जानेवारी
फाईल शेवटपर्यंत ऐकली. पाचव्या मिनिटाला सगळे थांबतात. मग वैदेही, अगदी जवळून:
"तनय, इथून पुढे फक्त तू. आम्ही चुटक्या वाजवतो. आणि गाऊन झालं की मला फोन कर. ग्रुपवर नको — मला."
मग मिनिटभर चुटक्या.