ताईच्या डायरीतले चार रकाने

प्रिय ताई,

जयभीम. काल तुझ्या ऑफिसातून तुझी डायरी परत आणली. त्यांनी दिली नाही, मी उचलून आणली. तेव्हापासून मनात जी शिसारी भरलीय ती जात नाही, म्हणून आज दुपारी लिहायला बसले. ह्यांच्याशी बोलायला गेले तर म्हणाले, "जाऊ दे, गेलेल्या माणसाचं कौतुकच झालं ना?"

कौतुक? ऐक तर.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या ऑफिसात ते ट्रेनिंग झालं होतं. सगळ्यांना जाड डायऱ्या वाटल्या. दिवसाच्या कामांना नंबर द्यायचे आणि सर्वांत अवघड काम सकाळी पहिलं उरकायचं, असा नियम. तुझी सकाळ म्हणजे काय असते ते त्यांना कुठं ठाऊक? सिकलसेलचं शरीर, त्यात लखनऊची थंडी. गरम पाण्याची पिशवी कमरेला लावून तू पलंगाच्या कडेला बसायचीस, आणि गुडघे हो म्हणतील तेव्हा उठायचीस. महिनाभर त्या डायरीत तू रोज पहिल्या कामापुढे 'अपूर्ण' लिहिलंस.

मग एका रविवारी तू आमच्याकडे जानकीपुरमला जेवायला आलीस. जेवण झाल्यावर माझ्या लेकीची, प्रज्ञाची पट्टी मागितलीस आणि पानावर चार रकाने आखलेस. उभ्यानं करायची कामं. बसून करायची. पडून करायची. आणि चौथा, दुसऱ्याला सांगायची. "नंबर कामाला नाही द्यायचा सुजू, ताकदीला द्यायचा," तू म्हणालीस. मी भांडी आवरता आवरता बोलले, "पडून कामं करायची म्हणजे राणीच की तू." तू हसलीस. मला आज त्या वाक्याची लाज वाटते.

पण तुझं जमलं. दुखणं उठलं की तू पडल्या पडल्या फोन करायचीस, पत्रांचे मसुदे मोबाईलवर बोलून ठेवायचीस. बरं वाटलं की उभ्याचा रकाना उरकायचीस. तुझ्या टेबलावरच्या फायली वेळेत जायला लागल्या.

आणि तुझ्या साहेबांनी काय केलं? भर मीटिंगमध्ये तुझी डायरी उचलून वाचली. "मैडम के यहाँ लेटे-लेटे करने वाले काम भी होते हैं." सगळे हसले. हे तू मला मटार सोलता सोलता सांगितलंस, मान वर न करता. मी विचारलं, "तू काय म्हणालीस?" तू म्हणालीस, "काय म्हणणार? फाईल पूर्ण होती, ती पुढं ठेवली."

जानेवारीत छातीत इन्फेक्शन झालं आणि चार दिवसांत तू गेलीस. आठव्या दिवशी तेच साहेब घरी आले. तुझ्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मैडम की डायरी कुछ दिन के लिए मिल जाती तो पेंडिंग फ़ाइलें समझ लेते." मी दिली. उघडून पाहिलीसुद्धा नाही. ज्या माणसानं तुझ्यावर सगळ्यांना हसवलं त्याच्या हातात मी स्वतः तुझी डायरी ठेवली. का गं दिली मी? माणूस सुटाबुटात रडला की आपण इतके विरघळतो?

परवाची दिवाळी झाली आणि प्रज्ञाला दुखणं उठलं. तिलाही तुझंच शरीर मिळालंय. लग्नाआधी तू मागे लागली होतीस, दोघांचं रक्त तपासून घ्या, हे पोरांत उतरतं. मी म्हटलं होतं, "आपण पत्रिका बघत नाही, मग हे काय नवीन?" त्याची शिक्षा मला नाही, तिला. बारावीचं वर्ष, कोचिंगवाल्यांनी छापील टाईमटेबल दिलंय, पहाटे पाचपासून. मीच ते फ्रिजवर चिकटवलं होतं, आणि रोज तिला पाचला हलवून उठवत होते. दवाखान्यातून आल्यावर ती अंथरुणातून म्हणाली, "मम्मी, मौसी की डायरी दे दो. मुझसे ये वाला नहीं होगा."

तिला काय सांगू, मी ती देऊन टाकली म्हणून?

साहेबांना फोन केला. म्हणाले, "अरे, आप शनिवार को आइए, मैडम की ही स्मृति में कार्यक्रम है." म्हणून काल ई-रिक्शा करून विकास नगरला तुझ्या ऑफिसात गेले.

हॉलच्या दारात तुझा फोटो, हार, आणि एक मोठं पोस्टर. त्यावर तुझे रकाने होते. पण तीनच. 'उच्च ऊर्जा, मध्यम ऊर्जा, न्यून ऊर्जा.' खाली लिहिलं होतं, 'न कभी छुट्टी ली, न कभी किसी से मदद माँगी.' आणि त्याखाली पद्धत तयार करणाऱ्याचं नाव. साहेबांचं. तुझं नाव होतं, पण फक्त 'प्रेरणा' म्हणून.

कुणीतरी माझ्या हातात समोसा आणि बर्फीची प्लेट दिली. लोक तुझ्या फोटोजवळ उभं राहून सेल्फी काढत होते. ज्या बाईच्या पडून काम करण्याला हसले होते, त्याच बाईच्या नावावर खात होते. प्लेट मी खुर्चीखाली ठेवली.

साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. "बहन जी, दो शब्द." टेबलावर फुलांच्या शेजारी तुझी डायरी होती. मी माईक हातात घेतला. म्हटलं, "मेरी दीदी छुट्टी लेती थीं, क्योंकि उन्हें सिकल सेल था. मदद भी माँगती थीं. उसके लिए चौथा खाना बनाया था, जो आपने मिटा दिया. और जिस तीसरे खाने को आप न्यून ऊर्जा कह रहे हैं, उस पर इसी दफ़्तर में हँसी हुई थी."

साहेब माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "आप भावुक हो रही हैं. डायरी अभी स्कैन होनी है." मी म्हटलं, "घर पे एक बीमार बच्ची को चाहिए," आणि ती पर्समध्ये टाकून उतरले. त्यांनी हात पुढं केला होता, पण सगळे बघत होते म्हणून मागं घेतला.

जिन्यात तुमच्या शिपाई शांतीबाईंनी मला थांबवलं. "दीदी ऊपर की फ़ाइल मुझसे मँगवाती थीं," त्या म्हणाल्या. "हुकुम नहीं करती थीं, पूछती थीं. अच्छा किया आपने." त्या संपूर्ण इमारतीत एवढं एकच वाक्य स्वच्छ होतं.

घरी येऊन डायरी वाचली. आता खरं सांगते, कारण किळस फक्त त्यांचीच आली असती तर हे पत्र लिहायची गरज नव्हती. चौथ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा माझं नाव आहे. 'चारबाग स्टेशनवर आत्याला घ्यायला जाणं, सुजू.' 'गोळ्या आणणं, सुजू.' 'हॉस्पिटलला सोबत, सुजू.' आणि पुढे तुझ्या बारीक अक्षरात किती ठिकाणी 'नाही जमत म्हणाली'. रागाचा एक शब्द नाही. फक्त काम परत उभ्याच्या रकान्यात लिहिलेलं. हॉस्पिटलचंसुद्धा. एकदा तरी भांडायचंस गं माझ्याशी. साहेबांनी चौथा रकाना पोस्टरवरून पुसला, मी तो तू जिवंत असतानाच पुसत होते.

सकाळी प्रज्ञाला डायरी दिली. तासभर वाचत होती. मला वाटलं, आता तसेच रकाने आखेल. तर म्हणते, "मौसी वाला पूरा नहीं चलेगा. मैं लेट के पढ़ती हूँ तो सो जाती हूँ." तिनं पडून करायचा रकाना काढून तिथं 'ऐकायचं' असं लिहिलं. धडे ती मोबाईलवर स्वतःच्याच आवाजात भरून ठेवणार आहे. पहाट काढून टाकली. कोचिंगला आठवड्यात तीनच दिवस. मला आधी रागच आला, ताईची पद्धत हिनं अशी मोडावी? मग लक्षात आलं, तूही कुणाची तरी डायरी मोडूनच ही केली होतीस.

फ्रिजवरचं टाईमटेबल मी फाडलं. तुझी डायरी तिच्या कपाटात आहे, देव्हाऱ्यात मांडल्यासारखी ठेवणार नाही. कोचिंगच्या सरांशी मी उद्या बोलणार आहे.

तिच्या चौथ्या रकान्यातली पहिलीच ओळ माझ्यासाठी आहे. चुकतमाकत मराठीत लिहिलीय, मुद्दाम माझ्या भाषेत. 'आई, दर तासाला कशी आहेस विचारायचा नाही. दुखल तर मीच सांगेल. तेव्हा लगेच यायच.'

येईन, ताई. हातात काहीही असलं तरी टाकून येईन. तिच्या वहीत माझ्या नावापुढे 'नाही जमत म्हणाली' हे कधी लिहिलं जाणार नाही, एवढं तुला सांगते.

उशिरा शहाणी झालेली तुझी धाकटी,
सुजाता