मास्तरांचा फेरअर्ज

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्हाला इथे येऊन महिना झाला. एकच खोली आहे, पण छप्पर आहे. नव्या निर्वासितांना पहिले काही महिने सरकारी औषधपाणी मिळतं म्हणून कचेरीत गेलो, तर अर्ज नामंजूर! आणि कारण कोण, तर हे. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, काय काम करता? ह्यांनी गळ्यातल्या टेपला हात लावून सांगितलं, शिंपी आहे, हातात कायम काम असतं. अगं, मशीन तिकडेच राहिलं, घरात दमडी येत नाही! पण शिंप्याने ‘काम नाही’ म्हटलं की धंदा बसतो, ही सासऱ्यांची शिकवण. बाईंनी लिहून टाकलं, कमावते.

लेकीचं इन्सुलिन बारा दिवसांचं उरलंय. विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. मला रात्रंदिवस तेच दिसतं.

उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

८ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या शिंपीमास्तरांच्या मानापायी पोरीचा जीव टांगणीला? कमाल झाली बाई! नामंजुरीनंतर पंधरा दिवसांत फेरअर्ज करता येतो, लगेच कर. तिथे तुम्ही कोण हे विचारत नाहीत, आज घरात काय येतं ते विचारतात. तुझे भावजी तिकडे बँकेत साहेब होते. इथे आल्यावर त्यांनाही अर्जात ‘उत्पन्न नाही’ लिहावं लागलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच बँक बुडवली.

मास्तरांवर ओरडू नकोस. मी ओरडले होते, उपयोग शून्य. आणि इन्सुलिन पुरवून पुरवून देऊ नकोस, माझी शपथ आहे.

पोरीला पापा, तुला धीर.
ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांच्यासमोर ठेवलं. तीन दिवस त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं. काल सकाळी विचारलं, औषध किती उरलंय? मी बाटलीच हातात दिली. दोन दिवसांचं होतं. त्यांनी टेप काढून फळीवर ठेवला आणि चपला घातल्या.

खिडकीपाशी म्हणाले, काम नाही, उत्पन्न नाही. इतकं हळू की बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. ताई, मला तिथे उभं राहवेना.

कार्ड हातोहात मिळालं, संध्याकाळी औषधही. लेक ठणठणीत आहे. पण टेप अजून फळीवरच आहे. तिच्या फ्रॉकची शिवण सुटली, तर हे मला म्हणाले, तूच घाल टाके. माझंच चुकलं का गं?

रागावलीस तरी चालेल, पण लिही.
धाकटी

२० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं काही चुकलेलं नाही. पोर हसतेय ना? मग झालं.

सोबत पार्सल आहे. काल बसून ह्यांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या उसवल्या. हे बघतच राहिले. म्हणाले, अगं, चांगला होता की! मी म्हटलं, खांद्यात ओढत होता. आता नीट मोजून, बेतून बसवावा लागेल, नुसत्या अंदाजाने जमायचं नाही. शिलाई मिळणार नाही, घरचं काम आहे. नाहीतर कचेरीत कमाई लिहावी लागेल!

घाई आहे म्हणावं. थंडीच्या आत हवा. आणि मास्तरांना माझा निरोप सांग, हातात काम आलंय.

तुझी,
ताई