चाराचं तोंड

जुळे सोलापूर,
मंगळवार

प्रिय निंग्या,

पाकीट हातात पडलं की तू आधी सुंदरम्मावहिनीकडं चष्मा मागशील आणि मग म्हणशील, फोन हाय की याच्याकडं, पत्र कशाला लिहितंय हे? फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून. वर्षभरात दोनदा तुझा नंबर लावला. एकदा तू उचललास, तर मी अक्कलकोटला पाऊसपाणी कसं आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. विषय काढला असता तरी तू तुझं ते ठरलेलं 'होगली बिडो' म्हणाला असतास, जाऊ दे रे, आणि मला पुढं बोलूच दिलं नसतंस. कागदाला तसं अडवता येत नाही. तेव्हा बस निवांत आणि शेवटपर्यंत वाच.

पहिल्यांदा परवाचं सांगतो. गेल्या गुरुवारी मी अक्कलकोटला आलो होतो. दर्शन झालं, अन्नछत्राच्या रांगेकडं वळलो आणि समोर तू. पांढरा सदरा, हातात पिशवी, मागच्या म्हातारीशी कानडीत कायतरी थट्टा चालली होती तुझी. आणि मी काय केलं असेल? खांबाआड गेलो. सहासष्ट वर्षांचा माणूस, नातवंडांचा आजोबा, लपून बसलो आणि तू आत गेल्यावर प्रसाद न घेताच एसटी गाठली. सोलापूर येईपर्यंत माझी मलाच शिसारी येत होती.

गाडीत गुरुसिद्धप्पा मास्तर आठवले. पहिलीत पाटीवर तू चार काढायचास ते वरून बंद. मास्तर तुझा कान धरायचे आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "निंग्या, चाराचं तोंड उघडं ठेव की रे! मिटलेल्या तोंडाचा चार कुणी वाचायचा?" तू रडत तोंड उघडायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटलेलं. पुढं तू आयटीआय केलंस, मी इंजिनिअरिंग. तू अणुवीज केंद्रात पाइप तपासायला लागलास आणि मी अशा केंद्रांना परवाना देणाऱ्या नियामक मंडळात. तुझे बाकीचे सगळे आकडे इंग्रजी झाले, चार तेवढा मराठीच राहिला, आणि त्याचं तोंडही मिटलेलंच राहिलं. जगात हे दोनच माणसांना ठाऊक होतं. मास्तर गेले. उरलो मी.

आम्ही परवान्याच्या नूतनीकरणाला आलो की तुम्ही लोक म्हणायचात, आली वरात. भिंती रंगवायच्या, पाट्या पुसायच्या, साहेबांना नारळपाणी. आमच्या बाजूनं ते कसं असतं हे तुला मी कधी सांगितलंच नाही. केंद्र हजारभर पानांचा अहवाल पाठवतं. आम्ही प्रश्न काढतो, उत्तरं येतात, उत्तरांवर पुन्हा प्रश्न. एका समितीनं पाहिलं की वरची समिती, तिच्या वर आणखी एक. यंत्रं म्हातारी झालीत, ती पुढची वर्षं तग धरतील का, एवढाच सगळ्याचा मथितार्थ. पण कागदावरचा आकडा खरा की खोटा हे कागदावरून कळत नाही, म्हणून आमच्यातली चार माणसं जागेवर येतात, काही आकडे निवडतात आणि मागं मागं जातात, थेट ज्यानं हातानं मोजलं त्याच्या वहीपर्यंत. सगळ्या खटाटोपात खरं काम एवढंच. त्या वर्षी तुमच्या केंद्राचं ते माझ्याकडं होतं. वह्या मराठी माणसांच्या, म्हणून मुद्दाम माझ्याकडं दिलं होतं.

तुझी वही तू मला दिली होतीस, निंग्या. मला टेबल आठवतं, वहीचं निळं कव्हर आठवतं, कोपऱ्यावरचा ग्रीसचा अंगठा आठवतो. तू म्हणालास, "बघ बाबा नीट, लई घाईत लिवलंय, पाइप असला तापला व्हता की हात लावू देईना." आणि मग सुंदरम्मावहिनीनं दिलेला डबा उघडलास. कडक भाकरी, शेंगाचटणी. कितीतरी वर्षांनी भेटलो होतो. दीड तास आपण मास्तरांवर, गावच्या जत्रेवर, तुझ्या आईच्या गोड हुग्गीवर बोललो. वही तिथंच होती, माझ्या कोपराखाली. मी ती उघडली नाही. तुझी वही, म्हणजे बरोबरच असणार, असं स्वतःला सांगितलं. तेही खोटंच. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता आणि चटणी फार चांगली झाली होती. संध्याकाळी तपासायच्या वह्यांच्या यादीखाली एका ओळीत लिहिलं, 'नमुन्यादाखल मूळ वह्या ताडून पाहिल्या', आणि सही ठोकली.

त्या वहीत पाइपच्या एका वाकणापाशी तू 5.४ लिहिलं होतंस. पाइपची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या खाली गेली की बदलायचा, असा नियम. संगणकात भरणाऱ्या माणसाला मराठी येत नव्हतं, त्यानं मिटल्या तोंडाचा चार पाहिला, इंग्रजी आठ समजला आणि 5.8 भरलं. झालं. पाइप कागदावर पास. पासच नाही, आता तो इतका चांगला ठरला की पुढच्या वेळी केंद्र तपासणीला बंद ठेवलं तेव्हा तो मोजायच्या यादीतूनच गेला. सहा वर्षं तो तसाच झिजत होता, आत उकळतं पाणी, आणि खाली तुमची चहाला टेकायची जागा. तू तिथं बसायचास. तुझ्या हाताखालची पोरंही बसायची. काही झालं नाही, हे आमचं कर्तृत्व नव्हे. नशीब.

मग पुढच्या नूतनीकरणाला ती श्रीदेवी आली. आमच्याकडं नवीनच लागलेली इंजिनिअर, आवाज हळू, पण हटून बसणारी. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "सर, आधीच्या वेळी 5.7 आणि नंतर 5.8. पाइप जाड होत असतो का?" मोजणीत उन्नीस-बीस होतंच, असं म्हणून मी तिला उडवून लावणार होतो. पण तिनं मूळ वही मागवली, पान पसरलं आणि मला एका नजरेत कळलं. हा निंग्याचा चार. मी ते बोललो, लगेच बोललो, आणि सगळ्यांनी माझी वाहवा केली. अनुभव म्हणतात तो हा, असं अध्यक्ष म्हणाले. मी ती वाहवा घेतली रे. पाइप मोजला तर 4.9 भरला. मग ते वाकण बदललं, अटी घालून परवाना दिला, आणि चूक कुणाची हे ठरवायला तुला बोलावलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. ही वही मागच्या वेळच्या पथकाला दाखवली होती का, असं तुला विचारलं. यादीत वीसेक वह्या, मी नेमक्या कुठल्या पाहिल्या ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. तू टेबलापलीकडून माझ्याकडं पाहिलंस. फार नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. आणि म्हणालास, "न्हाय साहेब. वही माझ्या कपाटात व्हती. मीच दिली न्हाय." एका शब्दानं तू मला सोडवलंस आणि स्वतः दुप्पट अडकलास, कारण आता नुसती चुकीची नोंद राहिली नाही, वही लपवल्याचा ठपकाही आला. माझं तोंड उघडलं नाही. बाहेर व्हरांड्यात मी तुझा हात धरायला गेलो, तर तूच माझ्या पाठीवर थाप मारून 'होगली बिडो, शिव्या' म्हणालास. थोबाडीत मारली असतीस तर बरं वाटलं असतं.

शेवटची दोन वर्षं तुला स्टोअरमध्ये हातमोजे मोजायला बसवलं. पाइपावर नुसतं बोट फिरवून आत काय चाललंय ते सांगणारा माणूस हातमोजे मोजत होता. निरोपाच्या दिवशी भाषणंसुद्धा झाली नाहीत, असं कळलं. मला मात्र शाल, श्रीफळ, 'निष्कलंक सेवा'. शाल अजून घडी मोडलेली नाही. कपाट उघडलं की दिसते आणि मी कपाट लावून घेतो. घरी आत्ता परवा सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "त्यांच्या पोरीच्या लग्नात पंगतीत बसून जेवलात की हो तुम्ही."

आता पत्र का, ते. महिन्यापूर्वी मंडळाकडून पत्र आलं. नव्या निरीक्षकांना शिकवायला जुन्या घटनांचे धडे काढलेत. एक धडा त्या पाइपचा, आणि तो मी येऊन शिकवावा अशी विनंती. मसुदा सोबत होता. त्यात 'तंत्रज्ञाने नोंदवही दडवली' असं वाक्य आहे. दर वर्षी पन्नास-साठ पोरंपोरी ते वाचणार, मी गेल्यावरही आणि तू गेल्यावरही. मी शिकवायला जाणार नाही. त्याऐवजी काय घडलं ते सगळं लिहून, सही करून मंडळाला पाठवलंय. त्यांचं उत्तर काल आलं. माझं जे व्हायचं ते होईल. उशीर फार झाला, आणि माफी मागायचं तोंड मला नाही, म्हणून ती मागत नाही. शिव्या घालायच्या तर पोटभर घाल, माझं नावच ते आहे. पण एक कर. या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मंडळाकडून दोघं तुझ्या घरी येतील, त्यांतली एक श्रीदेवी. ती तुला तोच प्रश्न पुन्हा विचारेल, वही शिवयोगी साहेबांना दाखवली होती का? त्या वेळी मी समोर नसेन. माझ्याकडं बघायचं कारण नाही. मित्र म्हणून तू एकदा तोंड मिटलंस, ते मला जन्मभर पुरलं. आता मास्तरांचं ऐक, निंग्या. तोंड उघड, आणि नुसतं 'व्हय' म्हण.

तुझाच, तुझा चार ओळखणारा,
शिव्या